उमेदवारीची ओढाताण आणि पक्षाची एकजूट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दोन पक्षांतली लढत येते. पण त्याआधी प्रत्येक पक्षाच्या घरात एक लढत होऊन गेलेली असते. तिकीट कोणाला मिळणार, ही ती लढत. बाहेरचा प्रचार पंधरा-वीस दिवसांत आटोपतो, घरातली लढत मात्र वर्षानुवर्षे चालते. ती अशी लांबत गेली म्हणजे पक्षाच्या एकजुटीचे काय होते, याविषयी मी आज थोडे बोलणार आहे.

मी चिचगडचा. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातले, छत्तीसगडच्या सीमेकडचे, जंगलाच्या वेढ्यातले हे गाव. पूर्वी भंडारा जिल्ह्यातली ही एक जमीनदारी होती. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि आम्ही त्यात आलो. आमचा विधानसभा मतदारसंघ आमगाव. तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. या मतदारसंघाने २००९ मध्ये काँग्रेसचे रामरतन राऊत, २०१४ मध्ये भाजपचे संजय पुराम, २०१९ मध्ये काँग्रेसचे सहषराम कोरोटे आणि २०२४ मध्ये पुन्हा संजय पुराम यांना निवडून दिले. म्हणजे २००९ नंतरच्या प्रत्येक निवडणुकीत मतदारांनी पक्ष बदलला. अशा ठिकाणी दोन्हीकडच्या इच्छुकांना वाटते की या खेपेस आपली पाळी आहे. त्यामुळे घरातली चढाओढ कधी थांबतच नाही.

२०२४ मध्ये काँग्रेसने विद्यमान आमदार कोरोटे यांना उमेदवारी दिली नाही, ती राजकुमार पुराम यांना दिली. काँग्रेसचा पराभव झाला. त्या वर्षी राज्यभरच महायुतीच्या बाजूने कौल गेला, त्यामुळे या पराभवाचे खापर एकट्या तिकिटाच्या निर्णयावर फोडणे बरोबर होणार नाही. पण आमदार एक आणि उमेदवार दुसरा, अशा वेळी गावच्या कार्यकर्त्याची काय अवस्था होते, ते आम्ही जवळून पाहतो.

शहरातल्या श्रोत्यांना कदाचित वाटेल की पक्षातली भांडणे पुढाऱ्यांची, त्यात सामान्य माणसाचे काय जाते? आमच्या भागात बरेच काही जाते. धानाच्या खरेदी केंद्रावर नोंदणी झाली नाही, बोनस अडकला, जातीच्या दाखल्यात नावाची चूक निघाली, वनहक्काचा दावा कुठल्या टेबलावर पडून आहे ते कळत नाही, रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे आहे, अशा वेळी माणूस आधी गावातल्या कार्यकर्त्याकडे जातो. पक्ष म्हणजे आमच्यासाठी तोच. त्याच्या पक्षात दोन गट पडले की तो कोणाचा माणूस हे आधी पाहिले जाते आणि काम मागे राहते. एका गटाने नेलेला अर्ज दुसऱ्या गटाचा माणूस पुढे सरकवत नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटक चालते. विधानसभेची निवडणूकही नेमकी त्याच सुमारास येते. एकाच पक्षाचे दोन गट मंडईत दोन वेगळे मंडप टाकून बसलेले मी पाहिले आहेत. निवडणूक संपली, मंडप निघाले, पण त्या दोन घरांतले जाणे-येणे पुढे कित्येक महिने बंद होते.

या ओढाताणीचे अलीकडचे मोठे उदाहरण आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, गोंदियातच घडले. २०१४ मध्ये तिथे काँग्रेसचे गोपालदास अग्रवाल निवडून आले आणि भाजपचे विनोद अग्रवाल दुसऱ्या क्रमांकावर राहिले. पुढची पाच वर्षे भाजपच्या कार्यकर्त्यांनी गोपालदासांच्या विरोधात काम केले. २०१९ ची निवडणूक तोंडावर आली आणि गोपालदास भाजपमध्ये आले. उमेदवारी त्यांनाच मिळाली. विनोद अग्रवाल अपक्ष उभे राहिले आणि सुमारे २७ हजार मतांनी निवडून आले. २०२४ मध्ये पाट्या पुन्हा बदलल्या. गोपालदास काँग्रेसमध्ये परतले, विनोद अग्रवाल भाजपचे उमेदवार झाले आणि जिंकले. दहा वर्षांत तीन निवडणुका झाल्या. समोरासमोर माणसे तीच होती, पक्षांच्या पाट्या तेवढ्या बदलत होत्या. यात कोण बरोबर आणि कोण चूक हे मला सांगायचे नाही. मला त्या कार्यकर्त्याचे वाटते, ज्याने पाच वर्षे एका माणसाविरुद्ध घोषणा दिल्या आणि एका सकाळी त्याच माणसाचे पत्रक वाटायला घेतले.

आपल्याकडे हे कसे घडते? उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत पक्षाचा एबी फॉर्म निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचावा लागतो. तो ज्याच्या हाती, तो पक्षाचा उमेदवार. तो कोणाला द्यायचा हे पक्षातल्या मंडळींनी मतदानाने ठरवावे, असे कोणताही कायदा सांगत नाही. त्यामुळे चढाओढ पाच वर्षांची आणि निकाल एका रात्रीचा, असा प्रकार होतो. मधल्या काळात प्रत्येक इच्छुकाला वरून कोणी ना कोणी 'कामाला लागा' असे सांगितलेले असते. तो खर्च करतो, लग्ना-मौतीला हजर राहतो, खेळाच्या स्पर्धा भरवतो. शेवटच्या रात्री त्याला कळते की आपले नाव नाही. का नाही, ते कोणी सांगत नाही. दुसरे असे की, पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे, पण तो निवडून आलेल्यांसाठी आहे. तिकीट नाकारलेल्या माणसाला तो अडवत नाही. रागावलेल्या माणसापुढे अपक्ष अर्जाची वाट मोकळीच असते.

या वाटेने किती मोठी उलथापालथ होऊ शकते, ते महाराष्ट्राने १९९५ मध्ये पाहिले. त्या निवडणुकीत काँग्रेसला ८० जागा मिळाल्या, शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५. आणि अपक्ष निवडून आले ४५. त्यांतले पुष्कळ जण मूळचे काँग्रेसचेच, तिकीट न मिळाल्याने उभे राहिलेले. युतीच्या १३८ जागा बहुमताला पुरत नव्हत्या. अपक्षांच्या पाठिंब्यावर मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. काँग्रेसच्या घरात ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांच्याच आधाराने काँग्रेसबाहेरचे सरकार उभे राहिले.

मग उपाय काय? कोणी म्हणेल, पक्षात मतदान घ्या, भांडण मिटेल. गोष्ट इतकी सोपी नाही. इतिहासातली एक घटना पाहा. १९३९ साली काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी सुभाषचंद्र बोस आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्यात रीतसर मतदान झाले. सुभाषबाबू सुमारे दोनशे मतांनी निवडून आले. गांधीजींनी हा आपला पराभव मानला. त्यानंतरचे अधिवेशन जबलपूरजवळ त्रिपुरीला भरले. गोंदियाहून जबलपूरला रेल्वे जाते, म्हणजे हे ठिकाण आम्हाला काही परके नाही. तिथे ठराव झाला की अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी राजीनामा दिला आणि मे महिन्यात फॉरवर्ड ब्लॉक स्थापन केला. मते नीट पडली, नीट मोजली गेली, तरी फूट टळली नाही. कारण निकाल लागल्यावर दोन्ही बाजूंनी एकत्र काम करण्याची तयारी नव्हती.

याच्या उलट १९०७ चे उदाहरण. त्या वर्षीचे काँग्रेस अधिवेशन खरे म्हणजे नागपूरला भरायचे होते. अध्यक्ष कोण, यावरून जहाल आणि मवाळ यांच्यात इतके ताणले गेले की अधिवेशन नागपूरहून हलवून सुरतेला नेले. जहालांना लाला लजपतराय हवे होते, मवाळांनी रासबिहारी घोष यांना पुढे केले. जागा बदलली म्हणून भांडण मिटले नाही. टिळक बोलायला व्यासपीठावर गेले, गोंधळ माजला, जोडा भिरकावला गेला, खुर्च्या चालल्या. दोन्ही गट एकत्र यायला १९१६ चे लखनौ अधिवेशन उजाडावे लागले. वाद स्वदेशी आणि बहिष्काराच्या धोरणाचाही होता, पण त्याचा भडका उडाला तो अध्यक्ष निवडण्याच्या निमित्ताने. निवड कशी करायची, हेच दोघांना मान्य नव्हते.

आपल्या काळात एका पक्षाने उमेदवारीसाठी मतदान घेऊन पाहिले, तेही विदर्भात. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत पक्षाच्या पदाधिकाऱ्यांचे मतदान घेऊन उमेदवार ठरवले. अमेरिकेत ज्याला 'प्रायमरी' म्हणतात, त्या धर्तीवरचा हा प्रयोग. महाराष्ट्रात तो वर्धा आणि लातूर इथे झाला. वर्ध्यात दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे आणि प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांच्यात सामना झाला. सागर मेघे जिंकले आणि पुढे लोकसभेत भाजपचे रामदास तडस यांच्याकडून दोन लाखांहून अधिक मतांनी हरले. त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेले. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, वर्ध्याची काँग्रेसची उमेदवारी चारुलता टोकस यांना मिळाली. म्हणजे प्रायमरीत जिंकणाऱ्याने पक्ष सोडला आणि हरणारी पक्षात राहिली.

हा प्रयोग फसला, असे अनेकांनी लगेच म्हटले. २०१४ च्या मोदी लाटेत कोणताही उमेदवार दिला असता तरी काय झाले असते, हा प्रश्नच आहे. पण मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. हरलेल्या उमेदवाराला आपण कोणाच्या मतांनी हरलो, हे ठाऊक होते. 'माझे नाव मुंबईत कापले, दिल्लीत कापले' असे म्हणायला जागा नव्हती. असा पराभव पचवता येतो.

अमेरिकेची गोष्ट आलीच आहे तर तिथलेही पाहू. २००८ साली डेमोक्रॅटिक पक्षात बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची लढत ३ जानेवारीपासून जूनपर्यंत चालली. पक्ष दुभंगतो की काय, असे तेव्हा बोलले जात होते. पण जूनमध्ये क्लिंटनबाईंनी हार मानली, ऑगस्टच्या अधिवेशनात त्यांनी स्वतःच ओबामांची निवड एकमताने करण्याचा प्रस्ताव मांडला, आणि ओबामा जिंकल्यावर त्या परराष्ट्रमंत्री झाल्या. त्याआधी १९८० मध्ये याच पक्षात अध्यक्ष जिमी कार्टर आणि एडवर्ड केनेडी यांची चढाओढ अशीच ऑगस्टपर्यंत चालली. व्यासपीठावरची त्यांची अवघडलेली भेट साऱ्या देशाने पाहिली. नोव्हेंबरमध्ये रेगन यांनी ५० पैकी ४४ राज्ये जिंकली. महागाई आणि इराणमधले ओलीस ही कारणेही होतीच. तरी दोन्ही लढती सारख्याच लांबल्या आणि एकीनंतर पक्ष सावरला, दुसरीनंतर सावरला नाही, एवढे उरतेच.

म्हणून मला वाटते, चढाओढ लांबली म्हणजे पक्ष फुटतोच असे नाही. तीन गोष्टी नसल्या तर तो फुटतो. पहिली, निवड कोण करणार आणि कशी करणार हे आधी ठाऊक असणे. दुसरी, निर्णय वेळेवर होणे. अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री ठरले तर रुसलेल्याची समजूत घालायला दिवसच उरत नाहीत. दोन महिने आधी ठरले तर राग ओसरतो, माणसे पुन्हा बोलू लागतात. आणि तिसरी, हरलेल्याला मानाची जागा असणे. आपल्याकडे महामंडळाचे, समितीचे आश्वासन देतात, पण ते सर्वांदेखत दिलेले नसते आणि पाळलेही जात नाही. पुढच्या खेपेस तोच माणूस आश्वासनावर विश्वास ठेवत नाही, सरळ अपक्ष अर्ज भरतो.

याची सुरुवात दिल्ली-मुंबईपासूनच व्हायला हवी असेही नाही. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद इथूनही करता येईल. एका गणातल्या पक्षाच्या सभासदांची यादी करावी, ती सर्वांना दाखवावी, इच्छुकांनी त्यांच्यापुढे उभे राहून आपले म्हणणे मांडावे आणि तिथेच मते घ्यावीत. खोटे सभासद भरतील, पैसा वाटला जाईल, ही भीती खरी आहे. पण आता बंद दाराआड जे चालते त्यात पैसा नाही, असे कोण म्हणेल? निदान यादी समोर असली तर खोटे नाव गावातला माणूस लगेच ओळखतो.

एक गोष्ट आपल्या हातातलीही आहे, मतदारांच्या. तिकीट मागणारा दारात आला की आपण त्याला रस्ता विचारतो, बोनस विचारतो, ते बरोबरच आहे. त्याला आणखी एक विचारावे. तुम्हाला तिकीट मिळाले नाही तर ज्याला मिळेल त्याच्या प्रचाराला याल का? आणि ज्याला मिळाले आहे त्याला विचारावे, तुमच्याविरुद्ध तिकीट मागणाऱ्याच्या घरी गेलात का? या दोन प्रश्नांची उत्तरे सर्वांसमोर द्यावी लागली, तर निवडणुकीनंतर आमच्या गावातली कामे तरी गटांच्या भांडणात अडकून राहणार नाहीत.