जान बेगमची आई

मांजरसुंब्याच्या चौकातून एक रस्ता बीडकडे जातो, एक सोलापूरकडे, एक केज-अंबाजोगाईकडे आणि एक पाटोद्याकडे. अडीचशे वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख निजामाच्या औरंगाबाद सुभ्यात होता. १७५१ साली त्या औरंगाबादेत फ्रेंच फौज येऊन राहिली. तिचा सेनापती होता बुसी. त्याच वर्षी नानासाहेब पेशव्यांच्या फौजेशी त्याच्या तोफांची गाठ पडली. हे आपण शाळेत थोडंफार शिकलेलो असतो.

मला बोलायचं आहे ते या बुसीची सोयरीक ज्या घरी ठरली होती, त्या घरातल्या बाईबद्दल. पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले याची ही बायको, झान. हिंदुस्थानी दरबारांत लोक तिला जान बेगम म्हणत. फ्रेंच गव्हर्नरची बायको आणि नावापुढे बेगम! मी इतिहासकार नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. या दोन शब्दांच्या जोडीनंच मला तिच्या मागं लावलं.

तिचा जन्म १७०६ सालचा, पाँडिचेरीतलाच. वडील अल्बेर हे फ्रेंच कंपनीचे वैद्य, फ्रान्सहून आलेले. आई एलिझाबेथ रोझा द कास्ट्रो मद्रासकडची, पोर्तुगीज आणि हिंदी रक्ताची. म्हणजे आपण जिला ‘फ्रेंच बाई’ म्हणतो, तिची नाळ इथल्याच मातीत पुरलेली. घरात पोर्तुगीज, बाजारात तमिळ आणि कंपनीत फ्रेंच, अशा भाषांत ती वाढली.

तेराव्या वर्षी, १७१९ मध्ये, तिचं लग्न कंपनीतल्या व्हँसाँ नावाच्या अधिकाऱ्याशी झालं. त्याच्यापासून तिला अकरा मुलं झाली. तो वारल्यावर १७४१ मध्ये बंगालातल्या चंद्रनगरला तिनं डुप्लेशी लग्न केलं. पुढच्याच वर्षी तो पाँडिचेरीचा गव्हर्नर झाला आणि ही वैद्याची पोर गव्हर्नरच्या वाड्यात आली.

हा माग लागतो कुठून? एक तर चर्चच्या वह्यांतून. बारसं, लग्न, दफन, सगळं पाद्री लिहून ठेवत. फ्रेंच वसाहतींतल्या त्या नोंदींच्या प्रती आज दक्षिण फ्रान्समधल्या एक्स शहराच्या दप्तरखान्यात आहेत. दुसरं साधन आपल्याच माणसाचं. डुप्लेचे दुभाषी आनंद रंग पिल्लै यांनी १७३६ पासून तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. मद्रास सरकारनं १९०४ पासून तिचं इंग्रजी भाषांतर बारा खंडांत छापलं.

पण पिल्लैंचं आणि बाईंचं पटत नव्हतं. ती कारभारात हात घालते, हेर पाळते, असं ते लिहितात. १७४८ मध्ये इंग्रजांचा वेढा पडला असताना वेदपुरीश्वराचं देऊळ पाडलं गेलं, त्याचा दोषही ते तिच्यावर ठेवतात. देऊळ पडलं हे खरं, त्याचं दुःखही खरं. ते झाकून तिला कोणी नायिका करू नये. पण एक ध्यानात ठेवावं, की तिचं बरंचसं चित्र तिच्यावर रागावलेल्या माणसाच्या लेखणीतून आलेलं आहे.

तिच्या मुलीला घरात शोंशों म्हणत. बुसीची सोयरीक झाली ती हिच्याशी. ते लग्न झालंच नाही. १७५४ मध्ये कंपनीनं डुप्लेला परत बोलावलं आणि हे कुटुंब जहाजात बसलं. ‘मायदेशी’ म्हणायचं, पण झानचा मायदेश मागं राहिला होता. १७५६ मध्ये ती पॅरिसला वारली. बुसी आपल्या मुलुखात १७५८ पर्यंत राहिला.

आता मूळ मुद्दा. झानच्या वडिलांचं कूळ फ्रान्समध्ये सापडतं. आई रोझा हिच्या नावापर्यंत जाता येतं. पण रोझाच्या घराण्यात ही इथली माती मिसळली ती जिच्यामुळे, त्या बाईशी वाट संपते. तिचं नाव काय, गाव कोणतं, ती कोणती भाषा बोलत होती?

फ्रेंचांना हसायचं कारण नाही. आमच्या घरी शजरा आहे, म्हणजे वंशावळ. अमुकचा मुलगा तमुक, त्याचा मुलगा अमुक. सात पिढ्या आहेत आणि एकही बाई नाही. ज्यांनी त्या सात पिढ्या पोटात वाढवल्या, त्या कागदावर नाहीत. तुमच्या घरची वंशावळ काढून पाहा, फार वेगळी नसेल.

म्हणून एक विनंती. आजी, नानी, पणजी यांपैकी जिचं नाव कुणाला आठवतं आहे, ते आजच वहीत लिहून ठेवा. माहेरच्या नावासकट, गावासकट. अजून सांगणारं कुणीतरी घरात आहे. रोझाच्या आजीसाठी ते कुणी केलं नाही.