संशोधनाची शिस्त आणि आकड्यांची साक्ष
(वार्षिक संमेलनाच्या विद्यार्थी सत्रातील भाषण)



आपली मुले आज ब्रिटनमधील विद्यापीठांत मानसशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, वैद्यक असे नाना विषय शिकत आहेत. यांपैकी कोणताही विषय घेतला तरी संशोधनाचा आराखडा आणि संख्याशास्त्रीय विश्लेषण यांचा अभ्यास वाट्याला येतोच. तो कसाबसा उरकून मोकळे व्हावे, अशी पुष्कळांची वृत्ती असते. संगणकात आकडे भरले, कळ दाबली, उत्तर आले, की काम संपले! माझे आग्रहाचे सांगणे असे की, ही विद्या उरकण्याची नव्हे, आत्मसात करण्याची आहे. ज्या समाजाच्या अनुभवावर इतरांचा सहजी विश्वास बसत नाही, त्या समाजाला पुराव्याची भाषा यावीच लागते.

ह्या विद्येत विश्लेषण मागाहून येते. आधी येतो तो आराखडा. आपला प्रश्न नेमका कोणता, तुलना कोणाची कोणाशी करायची, आणि आपली फसगत कोणकोणत्या वाटांनी होऊ शकेल, ह्यांचा माहिती गोळा करण्यापूर्वीच केलेला विचार म्हणजे आराखडा.

माझ्या क्षेत्रातील एक उदाहरण देतो. 1947 साली क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध ब्रिटनमध्ये फार थोडे उपलब्ध होते. मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत 107 रुग्ण होते. त्यांपैकी 55 जणांना औषध व विश्रांती आणि 52 जणांना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे केवळ विश्रांती देण्यात आली. कोणी कोणत्या गटात जायचे, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या हाती ठेवले नव्हते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल ह्या संख्याशास्त्रज्ञांनी यादृच्छिक, म्हणजे कोणाच्याही इच्छेवर न चालणाऱ्या, अंकांच्या आधारे ते ठरविले आणि निर्णय बंद पाकिटांत ठेवले. डॉक्टर कितीही प्रामाणिक असो, बरा होण्याजोगा रुग्ण औषधाच्या गटात घालण्याचा मोह त्याला नकळत होऊ शकतो. सहा महिन्यांत औषधाच्या गटातील 4 आणि दुसऱ्या गटातील 14 रुग्ण दगावले. 1948 साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याची खरी ताकद गणितात नाही, त्या बंद पाकिटात आहे.

हीच दृष्टी सामाजिक प्रश्नालाही लावता येते. नोकरी देताना जात पाहिली जात नाही, गुणवत्ता पाहिली जाते, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. केवळ कोणाला किती नोकऱ्या मिळाल्या ह्याची आकडेवारी मांडून त्याचे खंडन होत नाही. फरक शिक्षणाचा आहे, भाषेचा आहे, असे उत्तर तयारच असते. आपले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे प्राध्यापक पॉल अॅटवेल यांनी हे उत्तर आराखड्यातच निरुत्तर केले. भारतातील इंग्रजी वृत्तपत्रांत खासगी कंपन्यांनी दिलेल्या जाहिरातींना त्यांनी टपालाने अर्ज पाठविले. शिक्षण व पात्रता सारखी. नाव तेवढे वेगळे. काही नावे उच्चवर्णीय हिंदूंची, काही दलितांची, काही मुस्लिमांची.

त्यांचे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले. बोलावणे आलेल्या अर्जांना न आलेल्या अर्जांनी भागले म्हणजे जे प्रमाण मिळते, ते उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत दलित नावांसाठी सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावांसाठी सुमारे एक तृतीयांश आढळले. पात्रता सारखी असता हा फरक कोठून आला, ह्याचे उत्तर आता दुसऱ्या पक्षाने द्यायचे आहे. हजार तक्रारींनी जे साधत नाही, ते एका नेटक्या आराखड्याने साधते.

मात्र ह्या अभ्यासाने काय सिद्ध होत नाही, हेही विद्यार्थ्याने तितक्याच दक्षतेने सांगितले पाहिजे. तो बोलावण्यापुरता आहे. पगार, बढती किंवा खेड्यातील मजुरी यांविषयी तो बोलत नाही. मर्यादा सांगितल्याने निष्कर्ष दुबळा होत नाही, विश्वसनीय होतो.

नमुन्याच्या निवडीत तर पदोपदी सावध राहावे लागते. समजा, परदेशात आपल्या लोकांना जातीचा जाच होतो का, हे जाणण्यासाठी आज ह्या सभागृहात प्रश्नावली वाटली. आलेली उत्तरे खरीच असतील. पण ती येथे येणाऱ्यांची. ज्यांनी आडनाव बदलून आपली ओळख झाकली, ते येथे नाहीत. ज्यांना काहीच जाच झाला नाही म्हणून संस्थेची गरज वाटली नाही, तेही नाहीत. दवाखान्यात बसून गावाचे आरोग्य मोजण्यासारखेच हे आहे.

विश्लेषणातील एक गोष्ट मुलांनी पक्की ध्यानात ठेवावी. 'पी-मूल्य' लहान आले म्हणजे आपले म्हणणे सिद्ध झाले, असे नव्हे. प्रत्यक्षात फरक नसता, तर केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक किती वेळा दिसला असता, एवढेच ते सांगते. फरक किती मोठा आणि किती महत्त्वाचा, हे वेगळे तपासावे लागते.

बाबासाहेबांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लेख लिहिला. जमिनीचे तुकडे लहान म्हणून शेती तोट्याची, हे त्या काळी सर्वमान्य निदान होते. त्यांनी ते तसेच स्वीकारले नाही. केवळ आकारावरून शेती किफायतशीर ठरत नाही, तिच्याशी अवजारे, जनावरे आणि भांडवल यांचे प्रमाण पाहावे लागते, हे त्यांनी आकडेवारीनिशी दाखविले आणि उपाय म्हणून औद्योगिकीकरणाकडे बोट दाखविले. प्रश्नच तपासून घेण्याची ही शिस्त आपल्याला घरचीच आहे.

पालकांना माझी विनंती आहे की, मुलाने वा मुलीने संशोधनाची वाट धरली, तर 'याने पोट भरेल का?' हा एकच प्रश्न विचारू नका. आणि विद्यार्थ्यांनो, प्रबंधाचा विषय आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा असेल, तर आराखडा अधिकच कठोर ठेवा. निष्कर्ष आपल्या मनाविरुद्ध निघण्याची वाट मोकळी ठेवा आणि तसा निघाला तर तोही छापा. तसे वागलात, तरच तो आपल्या बाजूने निघेल त्या दिवशी जगाला तुमचे ऐकावे लागेल.

जय भीम.