वाफेचें भांडें आणि घरचें पाणी

श्रावण लागला कीं वऱ्हाडांतील स्वयंपाकघरांत वाफेचा मान वाढतो. नागपंचमीच्या दिवशीं विळी धरावयाची नाहीं, तवा चढवावयाचा नाहीं, कढई ठेवावयाची नाहीं, अशी चाल ज्या घरीं पाळतात, तेथें पुरणाचीं दिंडें वाफेवरच होतात. पुढें गणपति येतात. त्यांचे एकवीस मोदक. पाठोपाठ महालक्ष्म्या येतात. त्यांच्या आरतीसाठीं कणकेचे दिवे उकडावयाचे असतात. शिवाय अळूच्या वड्या, कोथिंबिरीच्या वड्या, कढीबरोबर खावयाचे डाळीचे फुणके हे तर वर्षभर चालतात. चार माणसांच्या घरांत एरवीं पातेलें व चाळणी यांवर भागतें. परंतु पंचवीस पानें बसावयाचीं असलीं म्हणजे मोठ्या वाफेच्या भांड्याची उणीव भासूं लागते, आणि मग अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारांत यजमान व यजमानीणबाई भांड्यांच्या दुकानासमोर उभीं राहतात.

दुकानांत जें भांडें बहुधा पसंत पडतें तें अ‍ॅल्युमिनियमचें असतें. खेड्यापाड्यांतून अजूनहि त्याला ‘जर्मनचा गंज’ म्हणतात. ही पसंती अकारण नाहीं. हा धातु स्वस्त झाला तो १८८६ सालीं, अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू या दोघां तरुणांनीं विजेच्या साह्यानें तो वेगळा करण्याची एकच रीत स्वतंत्रपणें शोधून काढली तेव्हांपासून. आपल्या देशांत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं १८९८ सालीं मद्रासच्या कलाशाळेंत त्याचीं भांडीं घडविण्यास आरंभ केला. तांब्या-पितळेच्या भांड्यास लागणारी कल्हई याला लागत नाहीं, आणि वजन तर फारच थोडें. जें अ‍ॅल्युमिनियमचें पात्र ३ किलो भरतें, तेंच तितक्याच जाडीच्या तांब्याचें केल्यास १० किलोंच्या घरांत जाईल. उकळतें पाणी असलेलें भांडें चुलीवरून उतरविणाऱ्या गृहिणीला हा भेद सांगावा लागत नाहीं. उष्णताहि हा धातु स्टेनलेस स्टीलच्या दहा पटींहून अधिक जलद वाहून नेतो. म्हणून बूड सर्वत्र सारखें तापतें.

येथवर सर्व गुणच झाले. परंतु वऱ्हाडांत भांडें घेतांना धातूबरोबर पाण्याचाहि विचार करावा लागतो, आणि तोच बहुधा राहून जातो.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूरकडील मनुष्यास विहिरीच्या पाण्याची चव विचारावी, तो हंसेल. अमरावती शहरास ऊर्ध्व वर्धा धरणाचें व अकोला शहरास महानच्या काटेपूर्णा धरणाचें गोड पाणी मिळतें हें खरें. परंतु नळाची पाळी लांबली कीं शहरांतील घरेंहि कूपनलिकेकडे वळतात.

अशा पाण्याच्या मुलखांत वाफेचा एक मोठा उपकार आहे. पाण्याची वाफ होते तेव्हां मीठ व इतर क्षार खालींच राहतात. वर जाते ती शुद्ध पाण्याची वाफ. म्हणजे पदार्थांत जाणारें पाणी तेवढें गोड घ्यावें, डाळ भिजविण्यास किंवा उकड काढण्यास लागणारे दोन-चार तांबे जपून ठेवावेत. चाळणीवरच्या मोदकाला खालच्या पाण्याचा खारटपणा लागत नाहीं. कठीण पाण्यांत डाळ शिजत घालणाऱ्या घराला वेळ व सरपण दोन्ही अधिक लागतात. तीच डाळ गोड पाण्यांत भिजवून, वाटून, फुणके करून वाफेवर ठेवली तर ही अडचण उरत नाहीं.

पण पदार्थ वाचला तरी भांडें वाचत नाहीं. जे क्षार मागें राहतात ते पाणी आटतें तसतसे अधिकाधिक दाट होतात, आणि अ‍ॅल्युमिनियमला मिठासारखा दुसरा शत्रु नाहीं. या धातूच्या अंगावर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा असतो. खारें पाणी तो पापुद्रा ठिकठिकाणीं भेदतें, तेथें सुईच्या अग्राएवढे खळगे पडतात, आणि ते आंत आंत खोल जातात.

एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. गणेशचतुर्थीची सकाळ, चुलीवर मोठा गंज, वर मोदकांचे दोन थर. सासूबाई देवघरांतून विचारतात, “सूनबाई, जाळ कां फसफसतो?” सून वाकून पाहते तों बुडाखालून थेंब थेंब गळतो आहे. “आई, गळतो हा. गेल्या वर्षींच तर आणला!” वर्षांतून मोजके दिवस वापरलेलें भांडें अशा रीतीनें फुकट जातें, आणि दोष दुकानदाराच्या माथीं बसतो. वस्तुतः गेल्या महालक्ष्म्यांच्या रात्रीं दमून सर्वजण निजलीं, तेव्हां तळाशीं राहिलेलें खारें पाणी सकाळपर्यंत तसेंच होतें. छिद्राचा आरंभ त्या रात्रीं झाला.

म्हणून पहिला नियम असा कीं, काम होतांच पाणी ओतून टाकावें, भांडें गोड पाण्यानें विसळावें, कोरडें पुसावें व पालथें ठेवावें. साधेल तेथें पागोळीचें, म्हणजे पावसाचें, पाणी या कामासाठीं धरून ठेवावें. सण नेमके पावसाळ्यांतच येतात. दुसरा नियम असा कीं, अ‍ॅल्युमिनियमच्या गंजांत पितळेची किंवा तांब्याची चाळणी बसवूं नये. खाऱ्या पाण्यांत दोन निराळे धातु एकमेकांस टेकले म्हणजे त्यांच्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि झिजतें तें अ‍ॅल्युमिनियम. तिसरा नियम घासण्याचा. चुलीची राख व धुण्याचा सोडा पितळेला चालतो. येथें तो पापुद्रा विरघळवितो. साधा साबण व काथ्या पुरे. आंतून काळवंडलेलें भांडें विटाळलें असें मानूं नये. तो पातळ थर निरुपद्रवी असतो. काळेपणा नकोच असेल तर तळच्या पाण्यांत लिंबाची फोड किंवा चिंचेचें बोटूक टाकावें. मात्र तें उरलेलें पाणी काटकसरीनें वरणांत ओतूं नये. आंबट पाण्यांत थोडा धातु उतरलेला असतो.

आतां निवड. बूड सपाट व जाड असावें. बोटानें दाबून दबणारें घेऊं नये. रुंदी उंचीपेक्षां महत्त्वाची. ३० सेंटिमीटर रुंदीच्या भांड्यांत ३ सेंटिमीटर पाणी घातलें तर सुमारें २ लिटर भरतें, आणि एका घाण्यास तेवढें पुरतें. चाळणी पाण्यापासून तीन-चार बोटें वर राहावी, म्हणजे उकळीचे शिंतोडे पदार्थाला लागत नाहींत. झाकण घुमटाकार असावें. सपाट झाकणाचें पाणी मोदकांवर टपकतें. तसें असल्यास झाकणाला आंतून फडकें बांधावें. कान रिव्हेटांनीं पक्के बसविलेले पाहावेत. भंगार वितळवून ओतलेलीं हलकीं भांडीं घेऊं नयेत. अशा भांड्यांतून शिसें अन्नांत उतरतें असें परदेशांतील तपासण्यांत आढळून आलें आहे. भारतीय मानक ब्युरोचें आयएस १६६० हें मानक याच भांड्यांसाठीं आहे. त्याची खूण पाहून घ्यावी.

वापरतांना दोन गोष्टींचें अवधान हवें. एक, पाणी आटूं देऊं नये. तळाशीं एक लहानशी स्टीलची वाटी पालथी टाकावी. पाणी आहे तोंवर ती खडखडते, गप्प झाली कीं पाणी संपत आलें असें समजावें. वरून घालावयाचें पाणी उकळतेंच असावें. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उकळतें पाणी अंगावर पडून शरीराच्या उष्णतेपर्यंत निवतांना दर ग्रॅमला सुमारें ६३ कॅलरी उष्णता देतें. वाफ मात्र नुसतें पाणी होतांनाच ५४० कॅलरी देते, व मग त्या ६३ आणखी. म्हणून झाकण उघडतांना आधीं आंच कमी करावी, झाकणाची पलीकडची कड प्रथम उचलावी, म्हणजे वाफ तोंडावर येत नाहीं. आणि मुलांना चुलीपासून दूर ठेवावें.

चिखलदऱ्यास बिऱ्हाड करणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं त्या उंचीवर पाणी सुमारें ९६ अंशांवरच उकळतें; तेथें प्रत्येक घाण्यास कांहीं मिनिटें अधिक द्यावीं.

अखेर ज्या घरीं बारमास खारेंच पाणी आहे आणि गोड पाणी सांठविण्याची सोय नाहीं, त्या घरानें अ‍ॅल्युमिनियमचा मोह सोडून स्टेनलेस स्टीलचें पात्र घ्यावें. तें बेताच्या आंचेवर चालवावें लागतें, पण खाऱ्या पाण्याला पुष्कळ अधिक दाद देत नाहीं. ज्यांच्याकडे गोड पाणी आहे त्यांनीं जर्मनचा गंज खुशाल घ्यावा. दुकानांत भांडें ठोकून पाहण्यापूर्वीं घरच्या पाण्याची चव घेऊन पाहावी, आणि ज्या तपेल्यांत रोज पाणी तापतें त्याच्या तळाशीं पांढरा थर किती धरला आहे तें एकदां बोटानें खरवडून पाहावें. कोणतें भांडें घ्यावें याचें उत्तर बहुतेक त्या तपेल्यांतच मिळतें.