लेसरला सुटणारा घाम आणि वसुलीची नोटीस
(कार्यकर्ता अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आज आम्ही महागाई भत्त्यावर बोलणार नाही. विषय यंत्राचा आहे; पण तो शेवटी पगारपत्रकावर येऊन थांबतो, म्हणून टपाल खात्यातल्या साथींनीही तो ऐकावा.

पेरांबूरच्या कारखान्यातून जुन्या धाटणीचा शेवटचा प्रवासी डबा २०१८ साली बाहेर पडला. आता काम स्टेनलेस स्टीलचे. तो पत्रा गॅसकटरने कापता येत नाही, लेसर लागतो. लेसर तापतो, म्हणून चिलरचे थंड पाणी त्याच्यातून सतत फिरवावे लागते. बहुतेक फायबर लेसरमध्ये हे पाणी २५ अंशांच्या आसपास असते. खरी गोम इथेच आहे.

फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो. तांबा गळत नसतो. हवेतली वाफ थंड धातूवर पाणी होऊन बसते. ज्या तापमानाला हवा असे पाणी सोडू लागते, त्याला दवबिंदू म्हणतात. चिलरचे पाणी दवबिंदूपेक्षा थंड असले की लेसरच्या पेटीतही तेच होते. फरक इतकाच की तिथे तांब्याऐवजी डायोड, सर्किट आणि लेन्स असतात. लेन्सवर ओल धरली की किरणाची उष्णता तिथेच शोषली जाते आणि लेन्स जळते.

पुष्कळांना वाटते, उन्हाळा यंत्राला वाईट. हिशेब उलटा आहे. नागपूरला मे महिन्यात ४४ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असली, तर दवबिंदू १६ च्या आसपास; २५ अंशांच्या पाण्याला धोका नाही. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के झाले, माणसाला बरे वाटू लागले, की दवबिंदू २५ वर येतो. मुंबई-चेन्नईकडे ३५ अंश आणि ७० टक्के असले तर तो २९ च्या जवळ जातो. तेव्हा ऑपरेटरने काय करावे? चिलरचे तापमान थोडे वाढवता येते, पण उत्पादकाने घातलेल्या मर्यादेपर्यंतच. त्यापुढे एकच उपाय उरतो: यंत्राभोवतीची हवा कोरडी करणे. खोली बंद ठेवून एसीने २६ अंश आणि ५० टक्के राखले की दवबिंदू १५ वर उतरतो. हा एसी साहेबांच्या केबिनमधल्यासारखा सुखासाठी नसतो.

चालू करताना आधी एसी, पेटीतली हवा कोरडी झाल्यावर चिलर, मग लेसर. बंद करताना आधी लेसर, मग चिलर. एसी सर्वांत शेवटी, आणि पावसाळ्यात रात्रीही चालूच. पेटीचे दार विनाकारण उघडू नये. कापण्यासाठी दाबाची हवा वापरत असाल तर ड्रायरही पाहावा. त्या वाटेनेही पाणी लेन्सपर्यंत पोचते.

आमच्याकडे आलेल्या एका प्रकरणात वीजबचतीच्या तोंडी हुकुमाने रात्री एसी बंद होत असे. सकाळी पहिल्या शिफ्टच्या ऑपरेटरने यंत्र सुरू केले आणि लेन्स गेली. नोटीस कोणाला? ऑपरेटरला! हुकूम देणाऱ्याची सही कुठेच नव्हती.

रेल्वे सेवक (शिस्त व अपील) नियम, १९६८ मधील नियम ६ नुसार निष्काळजीपणामुळे किंवा आदेशभंगामुळे झालेले नुकसान पगारातून वसूल करता येते. पण ती शिक्षा आहे. त्याआधी लेखी आरोप आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. एस.एफ. ११ हातात पडला की रागाने कोपऱ्यात टाकू नका, उत्तर द्या. टपालातल्या साथींना नियम १६ ची ओळख आम्ही करून द्यायला नको. वसुलीचा अनुभव त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त.

उत्तरात लिहायला मात्र पुरावा हवा. म्हणून यंत्राजवळ तापमान आणि आर्द्रता दाखवणारे साधन आणि भिंतीवर दवबिंदूचा तक्ता मागा. शिफ्ट बदलताना तापमान, आर्द्रता, चिलरचा आकडा आणि एसी चालू की बंद, या चार गोष्टी लॉगबुकात वेळेसह लिहा. तोंडी हुकूम आला तर तोही ज्याने दिला त्याच्या पदासह नोंदवा आणि सुपरवायझरची सही घ्या. सही नाकारली, तर नाकारली असे लिहा. जिथे एसी किंवा तक्ता नाही, त्या कारखान्यांची नावे शाखांनी पुढच्या पी.एन.एम. बैठकीच्या विषयपत्रिकेसाठी पावसाळ्याआधी आमच्याकडे पाठवावीत.