अनोळखी हातांत पुस्तक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण दरवर्षी एखाद्या विदुषीला बोलावतो. यंदा कार्यवाहबाई मला म्हणाल्या, "तुम्हीच एखाद्या आवडलेल्या पुस्तकावर बोला." विदुषी मिळाली नसावी, म्हणून हा मान माझ्याकडे आला, पुस्तक मात्र मी खरोखर आवडलेलेच निवडले आहे.

ही एक अमेरिकन कादंबरी आहे. नाव 'किन्ड्रेड', म्हणजे एका रक्ताची माणसे. लेखिका ऑक्टेव्हिया बटलर, प्रसिद्धीचे साल १९७९. मनुष्य दुसऱ्या काळात जाऊन येतो, अशा गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. एच. जी. वेल्स यांच्या १८९५ सालच्या कादंबरीत तर त्यासाठी यंत्रच आहे. बटलरबाईंनी यंत्रबिंत्र काही ठेवलेले नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियात डेना नावाची कृष्णवर्णी तरुणी नव्या घरात पुस्तके लावीत असते. एकाएकी तिला घेरी येते, आणि डोळे उघडते तो ती एका नदीकाठी! समोर एक गोरा मुलगा बुडत असतो. ती त्याला वाचवते. पुढच्या खेपेस तिला कळते की, हे मेरीलँड आहे, साल १८१५ आहे, आणि गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्याचा हा मुलगा, रूफस, आपला पूर्वज आहे. त्याच्या जिवावर बेतले की ती तिकडे ओढली जाते. तिच्या जिवावर बेतले की परत येते. तो जगला नाही तर तिचा वंशच नाही. म्हणून ज्याच्या हाती पुढे चाबूक येणार, त्यालाच जपणे तिला भाग पडते.

मी हे पुस्तक रात्री दीडपर्यंत वाचीत बसले. इतक्या दुःखाच्या गोष्टीत मौज वाटली असे म्हणायला जीभ कचरते, पण वाटली हे खरे. पुढे काय होणार या ओढीने वाचता वाचता एक संबंध काळ आपल्या अंगावर येतो.

त्यात एक प्रसंग आहे. डेना नायजेल नावाच्या गुलाम मुलाला चोरून वाचायला शिकवते, पकडली जाते आणि चाबकाचा मार खाते. अमेरिकेच्या दक्षिणेतील कित्येक राज्यांत गुलामांना लिहावाचायला शिकवण्यास कायद्यानेच मनाई होती. मेरीलँडमध्ये तसा कायदा नव्हता, पण मालकाची मर्जी हाच कायदा. त्याच मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस यांना मालकिणीने अक्षरे शिकवायला घेतली, तर तिच्या नवऱ्याने ती थांबवली. मग या पोराने रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांना पाव द्यावा आणि त्यांच्याकडून अक्षरे घ्यावी! पुढे १८४५ साली त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले.

बटलरबाईंची स्वतःची आई लोकांच्या घरी कामाला जाई. त्या घरांतून टाकून दिलेली पुस्तके ती मुलीसाठी घेऊन येई. त्या पुस्तकांवर वाढलेली मुलगी लेखिका झाली.

आता माझी गोष्ट सांगते. २०१२ साली मी मुलीकडे अमेरिकेत होते. ब्रिटनमध्ये आदल्या वर्षी सुरू झालेला 'जागतिक पुस्तक रात्र' हा उपक्रम त्या वर्षी तिकडेही आला. २३ एप्रिलला हजारो स्वयंसेवकांनी तीस पुस्तकांच्या यादीतील एकेका पुस्तकाच्या वीस वीस प्रती, सहसा न वाचणाऱ्या अनोळखी माणसांना फुकट द्यायच्या, असा बेत. तिकडे तो २०१४ पर्यंतच चालला. मुलीने 'किन्ड्रेड' मागितले होते. ती एका बाजूला, मी एका बाजूला, अशा आम्ही निघालो. लुगड्यातली म्हातारी पुस्तक पुढे करते म्हटल्यावर लोक दोन पावले मागे सरत. मी धर्मप्रसार करते आहे असे समजून एक गृहस्थ मान हलवून निघून गेले. तरी संध्याकाळपर्यंत पिशवी बरीच हलकी झाली.

शेवटी मी, नाणी टाकून कपडे धुतात अशा एका दुकानात शिरले. बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीला एक प्रत दिली, तिच्या शेजारणीला दुसरी. एक कृष्णवर्णी बाई फरशी पुसत होती. तिला वळसा घालून मी दाराकडे निघाले. तिने हातातली काठी भिंतीला टेकवली आणि विचारले, "ही पुस्तके फक्त कपडे धुवायला येणाऱ्यांसाठी आहेत का?"

भगिनींनो, माझे तोंड उतरले. ही वाचणार नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. कोणी ठरवायचा अधिकार दिला मला? आणि हातात पुस्तक कोणते होते! मी घाईघाईने प्रत पुढे केली. तिने हात पुसले, गोष्ट काय आहे ते विचारले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगितली. तिने एवढेच विचारले, "परत येते ना ती?" मी म्हटले, "येते, पण धडपणी नाही." तिने पुस्तक कामाच्या पिशवीत ठेवले आणि फरशी पुसायला लागली. पुढे तिने ते वाचले की नाही, मला ठाऊक नाही.

आपल्याकडेही अक्षरांवर पहारे होतेच. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा कोणाकोणाचा रोष ओढवला ते आपण जाणतो. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांनाच अर्पण केली. म्हणजे ती गोष्ट परकी नाही.

आणि आपले कपाट? मंडळाची पुस्तके फक्त सभासदांना, असा आपला नियम आहे. ज्या बाई इथे सतरंज्या घालतात, कप विसळतात, त्या कपाटावरची धूळ कित्येक वर्षे पुसत आल्या आहेत. आतले एखादे पुस्तक हवे का, असे त्यांना आपण कधी विचारले? मीही नाही विचारले, म्हणून आधी स्वतःलाच बोल लावते.

संक्रांतीला आपण वाण लुटतो. येत्या संक्रांतीला वाट्या-डब्यांऐवजी प्रत्येकीने एक पुस्तक लुटावे. रद्दीतले नव्हे, आपल्याला आवडलेले. आणि हळदीकुंकवाच्या यादीत जिचे नाव नाही, तिच्या हाती द्यावे. मग ते वाचले का, असे विचारायला मात्र जाऊ नये. वाण दिले की ते आपले राहत नाही.