भेडाघाटची दरी : निसर्गाचे देणे आणि वाटेचे अर्थशास्त्र



पर्यटनविकासाच्या चर्चेत निसर्गसौंदर्य हे आयते मिळालेले भांडवल आहे, असे बहुधा गृहीत धरले जाते. हे अर्धेच खरे आहे. दरी निसर्ग घडवतो. परंतु तेथपर्यंत पोहोचण्याची वाट समाजाला घडवावी लागते आणि त्या वाटेचा खर्च अनेक पिढ्या उचलत असतात. मग त्या दरीपासून मिळणाऱ्या उत्पन्नात कोणाचा किती वाटा असावा, हा प्रश्न ओघानेच येतो. मध्य प्रदेशातील भेडाघाट हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

जबलपूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर नर्मदेने संगमरवराचे खडक कापून जवळजवळ तीन किलोमीटर लांबीची अरुंद दरी कोरली आहे. दोन्ही बाजूंचे कडे सुमारे तीस मीटर उंच आहेत. हा खडक मॅग्नेशियमयुक्त, म्हणजे डोलोमाइटी संगमरवराचा असून त्याच्या शुभ्रतेत मधूनमधून काळसर-हिरवट शिरा दिसतात. दरीच्या वरच्या अंगाला नदी धुवांधार धबधब्याच्या रूपाने कोसळते, तर ‘बंदर कूदनी’ या ठिकाणी दोन्ही कडे एकमेकांच्या अगदी जवळ येतात.

यात्रेकडून पर्यटनाकडे

भेडाघाटला माणसांची ये-जा नवी नाही. टेकडीवरील चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर कलचुरी राजवटीतील, दहाव्या शतकातील मानले जाते. नर्मदेची परिक्रमा करणारे भाविक पूर्वापार या परिसरातून जात आले आहेत; त्यांत मराठी परिक्रमावासीही असतात. विल्यम स्लीमन यांच्या १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनाच्या आरंभीच येथील जत्रेचा उल्लेख येतो. तोवर येणारा मनुष्य मुख्यतः यात्रेकरू होता. तो घाटावर स्नान करी, देवदर्शन घेई आणि पुढे जाई.

ही स्थिती पालटली ती रेल्वेमुळे. १८६७ मध्ये अलाहाबादकडून रेल्वे जबलपूरला पोहोचली. १८७० मध्ये मुंबईकडून येणारा मार्गही तेथे येऊन मिळाला आणि मुंबई-कोलकाता हा सलग लोहमार्ग सुरू झाला. हा मार्ग व्यापार, टपाल आणि प्रशासन यांच्या गरजेतून आखला गेला होता. दरी दाखवणे हा त्याचा हेतू नव्हता. तथापि देशाच्या दोन मोठ्या बंदरांना जोडणाऱ्या मार्गावरील मोक्याचे स्थानक एकाएकी या दरीच्या उंबरठ्यावर आले. १८७१ मध्ये जेम्स फोर्सीथ यांच्या मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथाने या ‘संगमरवरी खडकां’ची ख्याती इंग्रजी वाचकांपर्यंत नेली. पुढे ‘जिस देश में गंगा बहती है’ या १९६० च्या चित्रपटाने तीच दरी लक्षावधी भारतीय प्रेक्षकांना दाखवली. सडका, राज्य पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आणि धबधब्यावरील रज्जुमार्ग या सोयी टप्प्याटप्प्याने झाल्या.

प्रवाहावरील उपजीविका

दरीचे खरे दर्शन घडते ते नावेतून. वल्ही मारता मारता यमक जुळवून खडकांची विनोदी वर्णने करणारे नावाडी हे भेडाघाटचे वैशिष्ट्य आहे. चांदण्या रात्रीच्या नौकाविहाराचे आकर्षण वेगळेच. धबधब्याच्या वाटेवर संगमरवर आणि शंखजिरे यांच्या कोरीव वस्तूंची दुकाने आहेत. खडकांवरून पाण्यात उड्या मारून पर्यटकांकडून पैसे मिळवणारी मुलेही येथे दिसतात. या सर्वांच्या श्रमांतून ‘दृश्य’ हे ‘उत्पन्न’ बनते. मात्र या श्रमांना स्थैर्य नाही. पावसाळ्यात नौकाविहार बंद ठेवावा लागतो. शिवाय नदीच्या वरच्या बाजूस बर्गी धरण असून त्याचा जलाशय १९९० मध्ये भरला. धरणाचे दरवाजे उघडले की दरीतील पाणी चढते आणि नावा काठाला लागतात. सिंचन, वीज आणि पूरनियंत्रण यांसाठी घेतलेल्या निर्णयाची झळ नावाड्याला पोहोचते. परंतु त्या निर्णयाच्या जमाखर्चात त्याच्या बुडालेल्या रोजीची नोंद होत नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत अशी दरी ही सामाईक संपत्ती होय. ती सर्वांना खुली ठेवून तिला काहीच नियम लावले नाहीत, तर प्रत्येकाचा अल्पकालीन लाभ सर्वांच्या दीर्घकालीन हानीस कारण ठरतो. परंतु यावर सरकारीकरण किंवा खासगी मक्ता एवढे दोनच उपाय संभवतात, असे नाही. स्थानिक लोक स्वतः नियम करून सामाईक संपत्ती टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी साधार दाखवून दिले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भेडाघाटमध्ये त्यासाठी नगर परिषदेच्या रूपाने लोकनियुक्त संस्था उपलब्ध आहे. तिच्यासोबत नावाडी, कारागीर आणि दुकानदार यांनी बसून नावांची संख्या, पाळ्या, दर, जीवरक्षक साधने आणि कचऱ्याची व्यवस्था ठरवणे शक्य आहे. पर्यटकांकडून मिळणाऱ्या शुल्काचा ठरावीक भाग बंद हंगामातील साहाय्यासाठी आणि उड्या मारणाऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवला, तर तो उपकार ठरणार नाही. उत्पादनखर्चाचाच तो भाग होय.

जतनाचाही हिशेब मांडावा लागेल. कटनी-जबलपूर परिसरात संगमरवर व डोलोमाइट यांच्या खाणी आहेत. खाणीतून काढलेला दगड एकदाच विकला जातो. नदीकाठी उभा असलेला दगड दरवर्षी रोजगार देतो; अट एवढीच, की तो स्वच्छ आणि अभंग राहावा.

२०२१ मध्ये भेडाघाट-लमेटाघाट परिसराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला. महाराष्ट्रातील मराठा लष्करी स्थापत्याचा समावेशही त्याच वर्षी त्या यादीत झाला होता आणि २०२५ मध्ये मराठा दुर्गांना जागतिक वारशाचा अंतिम दर्जा मिळाला. असा दर्जा लाभला की गर्दी वाढते, जमिनीचे भाव चढतात आणि बाहेरचे भांडवल येते. त्या वेळी स्थानिकांचे हक्क ठरवायला बसणे म्हणजे उशीर करणे होय. नावाड्याची पाळी, कारागिराची जागा आणि नगर परिषदेचा वाटा यांची लेखी निश्चिती आधीच व्हायला हवी. रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वी ही दरी देशाला खुली केली; तिच्या उत्पन्नाचे दार तिच्या काठावर राहणाऱ्यांसाठी खुले राहील, अशी व्यवस्था करणे हे आजच्या नियोजनाचे कर्तव्य आहे.