रोही, टेक्सास आणि काडतुसाचे चार भाग

आजचा भाग खास कुरुंद्याच्या पोरांसाठी आहे. पण वसमत, औंढा, कळमनुरी, कुठूनही ऐकत असाल तरी चालेल, रोही काही तालुक्याची हद्द बघून चरत नाहीत.

गेल्या महिन्याभरात एकाच प्रकारचा व्हिडिओ मला सात-आठ जणांनी पाठवलाय. टेक्सासचं माळरान, बाभळीसारखी झुडपं, समोर काळपट निळा नर उभा, आणि खाली लिहिलेलं "नीलगाय हंट". त्यासोबत दोन प्रश्न. पहिला, "भाऊ, हे तर आपलं रोही, तिथं कसं गेलं?" दुसरा, "हे लोक काडतूस घरी भरतात म्हणे, आपल्याला जमंल का?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दक्षिण टेक्सासमधल्या किंग रँच नावाच्या अवाढव्य गुरांच्या रानावर १९२०-३० च्या दशकांत नीलगायी आणून सोडल्या. त्या तिथं रुळल्या, वाढल्या, आणि आता हजारोंनी आहेत. तिथल्या कायद्यात तो बाहेरून आलेला प्राणी, म्हणून खाजगी जमिनीवर त्याची शिकार वर्षभर चालते. गंमत बघा, आपल्याकडं तूर-हरभरा खाणारा प्राणी तिकडं शिकाऱ्यांमध्ये "मारायला अवघड" म्हणून प्रसिद्ध आहे. जाड कातडं, अंगानं घोड्याएवढा, मोठा नर दोनशे किलोच्या वर. गोळी लागूनही झुडपात शिरतो आणि सापडत नाही. म्हणून तिकडचे लोक काडतूस निवडताना एवढा काथ्याकूट करतात.

दुसऱ्याचं उत्तर "नाही" आहे. का, ते पुढं सांगतो. आधी हे लोक टेबलावर बसून नेमकं काय करतात ते समजून घेऊ. मी स्वतः काडतूस भरलेलं नाही. माझं काम सॉफ्टवेअरचं. पण हा विषय वाचताना मला सारखं आमचं कामच आठवत होतं. एका लायब्ररीचं व्हर्जन बदललं की सगळं परत तपासावं लागतं, तसंच हे.

काडतुसाचे भाग चार. पितळी नळी म्हणजे केस, तिच्या बुडाशी टिकली म्हणजे प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी गोळी. आपण बोलताना सगळ्यालाच "गोळी" म्हणतो. गोळी म्हणजे फक्त पुढचा, उडून जाणारा तुकडा. (काडतूस हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतलाय, बटाटा आणि पगारासारखा.)

नवीन काडतूस बाजारात आलं की निवड कुठून सुरू होते? पोरांना वाटतं दारूपासून. जास्त दारू, जास्त जोर. तसं नाही. सुरुवात गोळीपासून होते. कोणता प्राणी, किती अंतर, हे ठरलं की गोळीचं वजन आणि घडण ठरते. वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा. १४० ग्रेनची गोळी म्हणजे ९ ग्रॅम, पाऊण तोळ्याच्या जरा वर. एवढ्याशा तुकड्यानं रोह्याच्या खांद्याचं हाड फोडून आत जायचं असतं. शिसं मऊ असतं, लागताच पसरतं. म्हणून शिशावर तांब्याचं कवच घालतात आणि टोक उघडं ठेवतात. काही गोळ्या पूर्ण तांब्याच्या असतात. त्या खोल जातात, तुटत नाहीत. शिवाय शिशाचा दुसरा त्रास आहे. मेलेल्या जनावरात शिशाचे कण राहतात, ते गिधाडं खातात आणि मरतात. कॅलिफोर्नियात काँडोर नावाचं मोठं गिधाड याच कारणानं संकटात आलं, आणि १ जुलै २०१९ पासून तिथं शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. म्हणजे गोळी निवडताना समोरच्या प्राण्यासोबत त्याच्यानंतर त्याला खाणाऱ्याचाही विचार आला.

गोळी ठरली की बाकीचे तीन भाग तिच्या मागं येतात. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब झाली की केसमध्ये जास्त आत बसते आणि दारूची जागा खाते. जागा कमी झाली की तीच दारू, तेवढीच दारू, जास्त दाब करते. वजन तेच, मोजमाप तेच, तरी दाब वेगळा! नवशिके इथंच फसतात.

आता दारू. ही दिवाळीच्या सुतळी बॉम्बची दारू नव्हे. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये बिनधुराची दारू तयार केली, तिच्याच घराण्यातली ही. नायट्रोसेल्युलोजचे बारीक दाणे. ती स्फोट होत नाही, जळते, आणि किती वेगानं जळते हे दाण्याच्या आकारावर आणि लेपावर ठरवलेलं असतं. तुराट्या भुर्रकन जळतात, बाभळीचा ओंडका सावकाश. छोट्या केसला, हलक्या गोळीला जलद दारू. मोठ्या केसला, जड गोळीला सावकाश. उलटं केलं तर गोळी नळीत पुढं सरकायच्या आतच दाब शिगेला पोचतो. सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर या काडतुसाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. तुमच्या कारच्या टायरमध्ये ३२-३३ असतात. हा दाब तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर तयार होतो, आणि सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो.

क्रीडमूरचं नाव घेतलंय तर त्याची गोष्ट सांगतोच. अमेरिकेत नेमबाजीच्या स्पर्धांत लोक आपापली घरगुती काडतुसं बनवून आणायचे. कुणाच्या केसचं तोंड फाटायचं, कुणाची टिकली निघायची, आणि एकाची कृती दुसऱ्याच्या रायफलला चालायची नाही. डेनिस डीमिल हा नेमबाज या गोंधळाला वैतागला होता. हॉर्नडी कंपनीच्या डेव्ह एमरी यांनी त्याला विचारलं, तुला नेमकं काय हवंय ते सांग. त्यातून २००७ मध्ये हे काडतूस आलं. आणि कंपनीनं सुरुवातीला काय केलं, तर डब्यावरच कृती छापली. आत कोणती दारू, किती, कोणती गोळी, सगळं. आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड उघडा केला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण लोकांनी अंदाजानं काहीतरी भरण्यापेक्षा तपासलेलं तेच भरावं, असा सरळ विचार त्यात आहे.

तरीही तिकडचा शहाणा माणूस पुस्तकात दिलेल्या कमाल आकड्यापासून सुरू करत नाही. खालच्या आकड्यापासून सुरू करतो, थोडं-थोडं वाढवतो, प्रत्येक पायरीला टिकली चपटी झाली का, केसच्या बुडावर चमकदार डाग पडला का, बोल्ट जड उघडतो का, हे बघतो. आणि चारपैकी एक भाग बदलला, अगदी टिकलीची कंपनी जरी बदलली, तरी परत खालून. अगदी नवीन काडतुसाचा त्रास हाच असतो, की तपासलेले आकडे थोडे असतात. मग लोक "साधारण तसंच आहे" म्हणून दुसऱ्या काडतुसाचे आकडे उचलतात. तिथं बोटं जातात.

केसबद्दल थोडं. ती पितळी का? ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. दाब आला की फुगून नळीच्या भिंतीला चिकटते, वायू मागं येऊ देत नाही, आणि दाब गेला की किंचित आकसून मोकळी होते. पण वारंवार वापरली की तोंडाशी कडक होते आणि तडकते. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकून कडक झालं की परत तापवून मऊ करतात ना, तेच इथं केसच्या तोंडाला करतात. टिकलीच्याही दोन पद्धती आहेत, बॉक्सर आणि बर्डन. बॉक्सर इंग्रज होता, पण त्याची पद्धत अमेरिकेत चालली. बर्डन अमेरिकन, त्याची पद्धत युरोपात आणि लष्करी काडतुसांत रुजली. बॉक्सरच्या केसला मधोमध एक भोक, सुईनं जुनी टिकली ढकलून काढता येते. बर्डनला दोन बारीक भोकं कडेला, ती अशी निघत नाही. घरी परत भरायचा छंद अमेरिकेत फोफावला, त्यात या एका भोकाचा वाटा मोठा आहे.

आता आपल्या देशात येऊ, कारण शिकारी काडतुसांच्या इतिहासात भारताचं स्थान विचित्र आहे. १९०० नंतरच्या दशकात इंग्रज सरकारनं ४५० बोअरची काडतुसं भारतात आणायला बंदी घातली. भीती ही, की बंडखोरांच्या हातातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना तो माल वापरला जाईल. वाघ-हत्तींची शिकार करणारे साहेब आणि राजे अडले. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी बंदीतून निसटणारे नवे आकार काढले. ४७०, ४६५, ४७५. आज आफ्रिकेत ४७० नायट्रो एक्सप्रेस मिरवणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की त्याचा जन्म भारतातल्या एका सरकारी हुकुमामुळं झाला!

आपल्याकडची ३१५ बोअर पण तशीच. लष्कराची ३०३ लोकांना द्यायची नव्हती, म्हणून वेगळ्या काडतुसाची रायफल दिली. आजही इशापूरच्या कारखान्याची ३१५ परवान्यावर मिळते.

आणि उष्णता! त्या काळची कॉर्डाइट दारू उन्हात तापली की दाब वाढायचा. लंडनच्या थंडीत बरोबर चालणारं काडतूस आपल्या मे महिन्यात केस अडकवून बसायचं. समोर वाघ आणि बोल्ट उघडेना, विचार करा. म्हणून १९११ च्या ४१६ रिग्बीसारख्या काडतुसांची केस मुद्दाम मोठी आणि दाब कमी ठेवला. आज उन्हाला कमी बधणाऱ्या दारू निघाल्यात, पण मुद्दा तोच आहे. अमेरिकेच्या थंड राज्यात बसून कुणी व्हिडिओत सांगितलेला आकडा ४२-४३ अंशांच्या मराठवाड्याला लागू पडत नाही.

आता "नाही" चं कारण. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रं येतात. म्हणजे ऑनलाइन मागवलेलं ते हिरवं-लाल प्रेस, टिकल्या, सगळं "ॲम्युनिशन". विनापरवाना बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. "मी फक्त छंद म्हणून" हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही. त्यात काही जण फटाक्याची दारू काढून भरायच्या गोष्टी करतात. वर तुराट्यांचं सांगितलं ना? फटाक्याची दारू तुराटीही नाही. तिला दाबाची मर्यादा ठाऊकच नाही. नळी फुटते, आणि फुटते ती भरणाऱ्याच्या तोंडासमोर.

मला माहितीय, आता काही जण म्हणतील, "पुण्यात एसीत बसून बोलायला काय जातंय, रात्री आखाड्यावर जागल करायला ये." बरोबर आहे. हळदीत डुकरं शिरली की काय होतं ते मी बघितलंय. एका रात्रीत अख्खे वाफे उकरलेले असतात. हरभरा घाट्यात आला की रोह्यांचा कळप येतो आणि जेवढं खातो त्याच्या दुप्पट तुडवतो. हा राग खोटा नाही. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात याची वाट आहे. कलम ११ मध्ये "उभी पिकं" हे शब्दच आहेत. पिकाचं नुकसान करणारा ठरावीक प्राणी मारायची लेखी परवानगी अधिकृत वन अधिकारी देऊ शकतो. ती वाट वेळखाऊ आहे, आणि माझ्या मते गरजेपेक्षा फार वेळखाऊ आहे, त्यावर आमदार-खासदारांना धरलंच पाहिजे. तोवर नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो, अर्ज, पंचनामा. व्हिडिओ बघण्यात जातो त्याहून कमी वेळ लागतो.

आणि ज्याला खरंच नेमबाजीचा नाद लागलाय, त्यानं एअर रायफल धरावी. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० जूलपर्यंत ताकद असेल तर परवाना लागत नाही. तिथं सुद्धा निवड आहे बरं का. छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत मिळतात, आणि तुमच्या नळीला कोणता आवडतो हे रायफल घट्ट बांधून, एकाच जागी पाच-पाच मारून कागदावर बघावं लागतं. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, ते पॉइंट टू टूच्या काडतुसावर. त्या काडतुसाला वेगळी टिकलीच नसते, मसाला बुडाच्या कडेत असतो, त्यामुळं ते सहसा कुणी परत भरत नाही. जगातले सगळे मोठे नेमबाज त्यात एकच करतात. कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्याच रायफलमधून मारून बघतात, आणि ज्या लॉटची भोकं सगळ्यात जवळ पडली तोच लॉट साठवून ठेवतात.

शेवटी, ज्यांच्या घरी आजोबांच्या नावावर पीक संरक्षणाची परवान्याची बंदूक आहे, त्यांच्यासाठी एक काम. काडतुसांचा डबा पत्र्याच्या खोलीत, पेटीत तापत पडलेला असेल तर परवानाधारकाला सांगून थंड, कोरड्या जागी कुलपात ठेवायला लावा. बुडावरचा शिक्का आणि बंदुकीचा बोअर जुळतो का बघायला सांगा. हिरवा गंज चढलेली, तोंडाशी तडकलेली, ओल लागून फुगलेली काडतुसं असतील तर ती वाळवून वापरू नका, नदीत-विहिरीत टाकू नका. परवाना घेऊन पोलीस ठाण्यात किंवा परवान्याच्या दुकानात जा आणि विचारा.

कलम ११ च्या अर्जाचा नमुना कुणाकडं असेल तर मला पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो.